जुन्या टीव्ही ट्रॉलीतून भातुकलीचा ओटा

दुकानातल्या तयार प्ले किचनला ओव्हन असतो, कॉफी मशीन असतं, कधी बर्फाचा डबाही असतो. नाशिकच्या घरातलं तीन वर्षांचं मूल मात्र रोज बघतं ती दोन बर्नरची शेगडी, ओट्याखालचं लाल सिलिंडर, मिसळणाचा डबा आणि पोळपाट. त्याला खेळायचं असतं तेही याच वस्तूंशी. म्हणून घरच्याच ओट्याची लहान आवृत्ती करावी, आणि त्यासाठी नवं लाकूड घ्यायची गरज नाही. टीव्ही भिंतीवर चढले आणि त्यांच्या ट्रॉल्या गॅलरीत नाहीतर सोसायटीच्या जिन्याखाली गेल्या. अशा ट्रॉलीची उंची, खोली आणि खालचं कपाट भातुकलीच्या ओट्याला जवळजवळ मापात बसतं.

काम दोन रविवारांचं, मधला आठवडा रंग वाळायला. सांगाडा आयता मिळतो, त्यामुळे बिघडायच्या जागा तीनच उरतात: शेगडीची बटणं, दारांच्या बिजागऱ्या आणि पाणी लागणारी कडा. वेळ आणि पैसा तिथे घाला. चिकटवायची पानंफुलं, झालरी, टाइल्सचे स्टिकर हे सगळं नंतर.

ट्रॉली पारखून घ्या

७० ते ९० सें.मी. रुंद आणि ३५ ते ४० सें.मी. खोल ट्रॉली उत्तम. याहून खोल असली तर मागच्या फळीवरच्या पळ्या-झाऱ्यांपर्यंत मुलाचा हात पोचत नाही आणि ते ओट्यावर चढतं. पलंगाशेजारची दोन छोटी कपाटं जोडूनही ओटा होतो. कॉम्प्युटर टेबल शक्यतो टाळा. ते उंच असतं, कापावं लागतं, आणि बहुतेक वेळा पार्टिकल बोर्डचं निघतं.

पार्टिकल बोर्ड ओळखायला मागची न झाकलेली कडा बघा. भुसा दाबून केल्यासारखी दाणेदार दिसली तर तो पार्टिकल बोर्ड, थरावर थर दिसले तर प्लाय. पार्टिकल बोर्ड वापरूच नये असं नाही, पण त्याच्या कडेत स्क्रू टिकत नाही आणि पाणी लागलं की तो भिजलेल्या बिस्किटासारखा फुगतो व पुन्हा कधी बसत नाही. खालची कडा नखाने दाबून पाहा. नख रुतलं किंवा सनमायका सुटून वर आलेला दिसला तर ती ट्रॉली सोडून द्या.

शोकेसची सरकती काच काढूनच टाका. तिच्या जागी ६ मि.मी. प्लाय येतो. कुलूप किंवा आपोआप बसणारी खिटी असेल तर तीही काढा, कारण मुलं लपाछपीत अशा कपाटात शिरतात. कपाटाच्या पाठीला ५ सें.मी. व्यासाची दोन भोकं पाडून ठेवा. टीव्ही ट्रॉलीला वायरींसाठी ती बहुधा असतातच.

उंची मुलावरून ठरवा, वयावरून नाही

मुलाला अनवाणी भिंतीला टेकून उभं करा, कोपर काटकोनात वाकवायला सांगा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. त्यातून ८ सें.मी. वजा केले की ओट्याची उंची मिळते. हे ८ सें.मी. कशाला, तर ओट्यावर शेगडी येणार, तिच्यावर कढई येणार, आणि ढवळताना हात खांद्यापर्यंत उचलावा लागू नये. ९५ सें.मी. उंचीच्या मुलाला ओटा साधारण ४८ ते ५० सें.मी., ११० सें.मी. वाल्याला ५८ ते ६०. घरात दोघं असतील तर मोठ्याच्या मापाने करा आणि धाकट्याला पायाखाली जाड पाट द्या. उलटं केलं तर मोठं मूल महिन्याभरात ओट्याकडे फिरकेनासं होतं.

ट्रॉलीची चाकं आधी काढा आणि मगच उंची मोजा. चाकांवरचा ओटा ढकलला की पळतो. पाय कापायचे असतील तर एकाच मापाचा लाकडी ठोकळा जमिनीवर ठेवून चारही पायांवर त्याच्या वरच्या कडेने रेघ मारा. प्रत्येक पाय टेपने वेगळा मोजला तर हमखास एक आखूड होतो. उंची वाढवायची असेल तर वखारीतून ५ सें.मी. जाडीची रीप आणा आणि तळाला चौकट करून ८ स्क्रूंनी खालून आवळा.

ढेकूण, कीड आणि जुना रंग

बाहेरून आणलेलं जुनं फर्निचर थेट घरात घेऊ नका. सांधे, खिळ्यांची भोकं आणि खणांच्या खाचा टॉर्चने बघा. काळे बारीक ठिपके म्हणजे ढेकणाची खूण. अशा वस्तूचा मोह सोडलेलाच बरा. फारच आवडली असेल तर प्रत्येक सांधा उकळत्या पाण्याने धुवा आणि काही महिने घराबाहेरच ठेवा. मात्र हा उपाय लाकडी वस्तूलाच चालतो, पार्टिकल बोर्डला नाही. लाकडात भुंगेऱ्याची कीड आहे का हे कळायला खाली काळा कागद पसरून चार दिवस ठेवा. कागदावर पिठासारखा भुसा पडलेला दिसला तर कीड जिवंत आहे.

जुन्या रंगाबाबत मात्र हयगय नको. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी ऑइल पेंट मारलेलं फर्निचर असेल तर त्यात शिसं आहे असं धरूनच चाला. कोरडा पॉलिश पेपर मारला की ते शिसं धुळीतून घरभर पसरतं, आणि मुलं जमिनीवरचा हात तोंडात घालतात. अशा वस्तूला पाणी लावून वॉटर पेपरने घासा, तेही गच्चीवर किंवा अंगणात, मास्क लावून, मुलांना लांब ठेवून. निघालेला चिखल कागदाने पुसून पिशवीत बांधा, मोरीत ओतू नका. रंगाची खपलीच निघत असेल तर ती वस्तू भातुकलीला घेऊच नका. नुसता सनमायका असेल तर हा प्रश्न नाही.

सामान

१२ मि.मी. प्लायचा ८० × ४० सें.मी.चा एक तुकडा मागच्या फळीला आणि ४५ × ५५ सें.मी.चा एक शेगडीला. फर्निचरच्या कारखान्यात असे तुकडे उरलेले असतात. काहीजण मापात कापूनही देतात, आणि कडा घरी जिगसॉने (उभ्या पात्याच्या विजेच्या करवतीने) कापण्यापेक्षा ते बरं. ओट्याच्या मापाचा गडद सनमायकाचा तुकडा. काठ बाहेर वळलेली २५ सें.मी.ची स्टीलची परात. अर्धा इंची प्लास्टिकचा नळ आणि त्याचा चेकनट (मागून आवळायचा चपटा नट). ६ मि.मी. जाड, ४० मि.मी. लांब षटकोनी डोक्याचे २ बोल्ट, ४ वॉशर, २ नायलॉक नट. २५ मि.मी.चे ३० स्क्रू. २ इंची बिजागऱ्यांच्या २ जोड्या, २ मॅग्नेट कॅच, २ एल-पट्ट्या, एम-सीलचं एक पाकीट, अर्धा लिटर प्रायमर, अर्धा लिटर पाण्यात मिसळणारा इनॅमल रंग. पॉलिश पेपर १२० आणि २२० नंबरचे.

सिंक

परातच का, तर तिचा काठ बाहेर वळलेला असतो आणि ती उथळ असते. सरळ काठाचा डबा भोकातून खाली पडतो, आणि खोल पातेल्यात मुलं तीन-चार लिटर पाणी भरून ओट्यावर उपडं करतात. २५ सें.मी.च्या परातीत जेमतेम दोन लिटर मावतं.

परात उपडी ठेवून काठाभोवती पेन्सिल फिरवा. त्या वर्तुळाच्या आत ८ मि.मी. दुसरं वर्तुळ काढा आणि हे आतलं कापा. म्हणजे काठ सगळीकडून ८ मि.मी. लाकडावर टेकतो. ओट्याच्या पुढच्या कडेपासून भोक निदान ६ सें.मी. आत असू द्या. त्याहून बारीक पट्टी राहिली तर मूल तिच्यावर रेलतं आणि ती मोडते. खाली खण असेल तर कापण्याआधी खोली बघून घ्या. भोक कापून झाल्यावर खण अडतो हे कळणं फार सामान्य आहे.

कापताना रेघेवर मास्किंग टेप लावा. आत १० मि.मी.चं भोक पाडून जिगसॉचं पातं घाला, बारीक दात्यांचंच. जिगसॉचं पातं वर येताना कापतं, म्हणून सनमायकाच्या कपच्या वरच्या बाजूला उडतात. जमलं तर फळी उलटी करून खालून कापा. कापलेल्या कडेला वॉटरप्रूफ फेविकॉलचे दोन हात द्या, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा. काहीजण परातच सिलिकॉनने चिकटवतात. तसं केलं तर ती उचलून रिकामी करता येत नाही, पाणी तसंच राहतं, आणि साचलेल्या पाण्यात डासांची अंडी. लाकूड सील करा, परात मोकळी ठेवा.

नळाच्या अर्धा इंची आट्यांना २२ मि.मी.चं भोक लागतं. मागच्या फळीत परातीच्या मध्याच्या रेषेवर, काठापासून १५ सें.मी. वर ते पाडा आणि मागून चेकनट आवळा. धातूचा नळ टाळा. वाकून परातीत बघणाऱ्या मुलाचं कपाळ त्यावर आपटतं, आणि जुन्या पितळी नळात शिसं असू शकतं.

शेगडी, म्हणजे खरं तर बटणं

शेगडीचं अंग सोपं आहे: ४५ × २५ सें.मी.ची वरची फळी, पुढे ४५ × ६ सें.मी.ची पट्टी, बाजूला व मागे तशाच पट्ट्या, सगळं फेविकॉल आणि स्क्रूंनी जोडलेलं. वर प्लायच्या १० सें.मी.च्या दोन काळ्या चकत्या. त्यांच्यावर जुन्या शेगडीचे लोखंडी स्टँड मिळाले तर खेळाला वजन येतं. आख्खी जुनी शेगडीच बसवायचा मोह होतो, पण तिचे पत्र्याचे कोपरे खालून सुरीसारखे असतात आणि काचेचा टॉप फुटतो.

आता बटणं. मूल शेगडीवर सगळ्यात जास्त काय करतं, तर बटण फिरवतं, दिवसाला शंभर वेळा. साध्या स्क्रूने लावलेलं बटण उजवीकडे फिरवलं की स्क्रू आवळतो, डावीकडे फिरवलं की सुटतो. चार दिवसांत बटण हातात, आठव्या दिवशी स्क्रू तोंडात. म्हणून इथे बोल्ट आणि नायलॉक नट. या नटाच्या आत नायलॉनची कडी असते, ती आट्यांना घट्ट धरते, त्यामुळे नट आपणहून सुटत नाही.

जुन्या गॅस शेगडीची बटणं रिपेअरवाल्याकडे मिळतात आणि दिसायला अगदी खरी. त्यांच्या आतलं भोक इंग्रजी डी अक्षरासारखं असतं, गोल बोल्ट त्यात नुसताच गरगरतो. तेव्हा आतली नळी पक्कडीने मोडून काढा, बोल्टचं षटकोनी डोकं त्या पोकळीत ठेवा आणि भोवती एम-सील दाबून भरा. बोल्ट काटकोनात उभा आहे ना हे गुण्याने बघा, कारण तिरका बसला तर बटण फिरताना लंगडतं. चोवीस तास हात लावू नका.

पुढच्या पट्टीत ६.५ मि.मी.चं भोक, बाहेरून एक वॉशर, आतून एक वॉशर, मग नट. नट इतकाच आवळा की बटण फिरेल पण डुगडुगणार नाही. बटणाचा व्यास ३२ मि.मी.पेक्षा मोठाच असावा. त्याहून लहान वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते. याच कारणाने बाटलीची झाकणं बटणं म्हणून लावू नका.

कट-कट आवाज हवा असेल तर जुन्या पंख्याच्या गोल रेग्युलेटरमधला फिरणारा स्विच वापरता येतो. आतले रेझिस्टर आणि वायरी सगळ्या काढून नुसता स्विच पट्टीमागे बसवा. बर्नरखाली दिवा लावायचाच असेल तर पेन्सिल सेलवर चालणारा आणि सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारा घ्या. बटण सेलचा दिवा भातुकलीजवळ आणू नका. तो सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

मागची फळी, दारं आणि सिलिंडर

मागची फळी ओट्याच्या पाठीला ८ स्क्रूंनी लावा, निम्मे ओट्याच्या कडेत आणि निम्मे बाजूच्या फळ्यांत. ट्रॉली पार्टिकल बोर्डची असेल तर कडेत स्क्रू धरणार नाही. तिथे आतून २ सें.मी.ची रीप चिकटवून स्क्रू त्या रिपेत घ्या. पळी-झाऱ्यासाठी लोखंडी हुक लावू नका. ५० सें.मी.चा ओटा आणि ४० सें.मी.ची फळी धरली तर वरची कडा बरोबर तीन वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला येते. त्याऐवजी बोटाएवढ्या जाड लाकडी खुंट्या बसवा, टोकं गोल घासून.

दारांत बोटं चेंगरतात ती बिजागरीच्या बाजूला. तिथली फट एकतर ५ मि.मी.हून कमी ठेवा, नाहीतर १२ हून जास्त. मधली फट बोट आत घेते आणि सोडत नाही. दार बंद राहायला हार्डवेअरच्या दुकानातला मॅग्नेट कॅच पुरे. सुटे छोटे लोहचुंबक चिकटवू नका. दोन गिळले गेले तर ते आतड्याच्या भिंती चिमटीत धरतात. खण असेल तर मागे आडवी पट्टी मारा, नाहीतर तो पूर्ण बाहेर येऊन पायावर पडतो.

सिलिंडर हा या ओट्याचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लाडका भाग ठरतो. पाच लिटरचा तेलाचा प्लास्टिकचा कॅन साबणाने धुवा, पॉलिश पेपर मारा, लाल रंगवा आणि खालच्या कपाटात ठेवा. रेग्युलेटर म्हणून एखादं मोठं झाकण. नळीचा तुकडा २० सें.मी.हून लांब नको, गळ्याभोवती गुंडाळला जाऊ शकतो. एक दार कायमचं काढून टाकलंत तर सिलिंडर दिसत राहतं आणि बदलायचा खेळ आपोआप सुरू होतो.

रंग आणि वरचा सनमायका

सनमायकावर रंग थेट मारला की तो नखाने सालीसारखा निघतो. आधी १२० नंबरने चमक जाईपर्यंत घासा, ओल्या फडक्याने पुसा, मग प्रायमर. भोकं आणि खाचा लांबीने (पुट्टीने) भरा, वाळल्यावर २२० नंबर, आणि रंगाचे दोन पातळ हात. एक जाड हात देऊन उरकलं तर ओघळ येतात आणि आतला थर आठवडाभर मऊ राहतो.

नाशिकमध्ये या कामाला दिवाळीनंतरचे कोरडे दिवस सगळ्यात चांगले. जुलै-ऑगस्टच्या पावसात रंग चिकट राहतो आणि प्लाय ओल धरतो. एप्रिल-मेच्या दुपारी तो ब्रशवरच सुकतो आणि रेघा उमटतात, तेव्हा सकाळी लवकर काम करा. शेवटच्या हातानंतर सात दिवस मुलांना देऊ नका. वाळलेला दिसला तरी रंग पक्का व्हायला तेवढा वेळ लागतो.

ओट्याचा वरचा भाग रंगवू नका, स्टीलची भांडी घासून तो महिन्यात उडतो. गडद सनमायका चिकटवा, कडप्प्याचा भास होतो. खरा कडप्पा किंवा ग्रॅनाइट नको. एवढ्या तुकड्याचंच वजन पंधरा किलोच्या घरात जातं आणि ओटा वरून जड होतो. सनमायका सिंकचं भोक कापायच्या आधी चिकटवा, वर पुस्तकांचे गठ्ठे ठेवून रात्रभर दाबा. कडा कानशीने ४५ अंशात मारा आणि बोट फिरवून बघा.

भिंतीला आवळणं

ओटा हलका असतो आणि मुलं कपाटाच्या दारावर उभी राहतात. मागच्या फळीच्या वरच्या दोन टोकांना एल-पट्ट्या, विटांच्या भिंतीत ६ मि.मी.चं ४० मि.मी. खोल भोक, त्यात प्लास्टिकची गिट्टी, त्यात ३५ मि.मी.चा स्क्रू. खरा नळ किंवा स्विच बोर्ड जवळ असेल तर आत गेलेल्या पाइप-वायरींचा अंदाज घेऊनच ड्रिल लावा. भाड्याच्या घरात भोकं पाडता येत नसतील तर मागची फळी काढून टाका आणि बुटका ओटा तसाच ठेवा. उंच फळीचा मोकळा ओटा नको.

भांडी

नाशिक म्हणजे तांब्या-पितळेचं गाव. भांडी बाजारात पितळी भातुकली मिळते आणि गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात लहान स्टीलची भांडी. घेताना प्रत्येक भांड्याच्या काठावरून अंगठा फिरवा, बोचलं तर परत ठेवा. सेटमधली अगदी बारीक पळी-झारे धाकट्याच्या हाती देऊ नका. घरातल्या वाट्या, फुलपात्र, फोडणीची लहान कढई, जुना मिसळणाचा डबा यांनी अर्धा ओटा भरतो. प्लास्टिकच्या भाज्या घेतल्या तर आयएसआय चिन्ह बघा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर ते सक्तीचं आहे.

पितळेच्या भांड्यात कल्हई नसेल तर चिंचेचं पाणी, ताक, लिंबू ठेवून ते मुलांना प्यायला देऊ नका. घासायला मात्र चिंचच द्या. चिमूटभर मीठ आणि भिजवलेली चिंच घेऊन काळपट वाटी चोळली की मिनिटभरात लख्ख होते, आणि चार वर्षांचं मूल या कामात अर्धा तास रमतं.

खोट्या मिसळीला मटकी, राजमा, हरभरे द्यायचा विचार असेल तर तीन वर्षांखालच्या मुलाला अजिबात नको. कडधान्य नाकात-कानात जातं, ओलाव्याने फुगतं आणि डॉक्टरकडे जावं लागतं. कच्चा राजमा चावून गिळला तर उलट्याही होतात. त्याच्या मिसळीला कापडाचे तुकडे आणि लोकरीचे गोळे चालतात. मोठ्यांना पोहे किंवा कणकेचा गोळा द्या. खेळ संपला की परात उपडी ठेवा, आणि महिन्यातून एकदा पाना घेऊन बटणांचे नट, नळाचा चेकनट आणि भिंतीचे स्क्रू हलवून बघा.